भातावरून शिताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्याकडील गृहिणी फार प्राचीन काळापासून सांगत आलेल्या आहेत. पातेल्यांतील एक शीत बोटांनीं चेपून पाहिलें कीं साऱ्या भाताची स्थिति कळते. कारण सारीं शितें एकाच पाण्यांत व एकाच विस्तवावर शिजलेलीं असतात. संख्याशास्त्रांतील नमुना-पाहणीचें सारें तत्त्व ह्या एका म्हणींत सांठविलेलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु ह्या म्हणीची उलट बाजूहि विचार करण्याजोगी आहे. हातीं आलेल्या शिताविषयीं आपणांस नीटसें कांहीं सांगतां येत नसेल, तर उरलेल्या भाताकडे पाहून त्या एका शिताविषयीं अनुमान करतां येईल काय? आणि करतां आलें, तरी तें न्याय्य होईल काय? पहिला प्रश्न गणिताचा आहे व दुसरा नीतीचा. पहिल्याचें उत्तर संख्याशास्त्रज्ञांनीं गेल्या पाऊणशें वर्षांत मोठ्या कौशल्यानें शोधून काढलें. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तें उत्तर संगणकाच्या आज्ञावलींत अशा रीतीनें बांधून ठेवण्यांत आलें आहे कीं, एका ओळीची आज्ञा दिली असतां तें क्षणार्धांत हातीं पडतें. दुसरा प्रश्न मात्र ह्या गडबडींत मागें पडूं पाहत आहे. म्हणून ह्या पद्धतीचा—तिला आम्ही ‘अनुभवाधिष्ठित बेझ-पद्धति’ म्हणूं—थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थॉमस बेझ हा इंग्लंडांतील टनब्रिज वेल्स येथील एक धर्मोपदेशक. तो १७६१ सालीं वारला. आणि त्याच्या कागदपत्रांत सांपडलेला एक निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस यानें १७६३ च्या डिसेंबरांत रॉयल सोसायटीपुढें मांडला. निबंधाचें सार असें कीं, एखाद्या गोष्टीविषयीं आपली जी मूळची समजूत असेल, ती नव्या पुराव्याच्या प्रमाणांत कशी बदलावी याचा एक निश्चित नियम आहे. नियम निर्दोष आहे; त्याविषयीं कोणाचेंहि दुमत नाहीं. वाद आहे तो मूळच्या समजुतीविषयीं. ती आणावयाची कोठून? लाप्लास यानें १७७४ पासून हा विषय स्वतंत्रपणें वाढविला. तो म्हणे, जेथें आपणांस कांहींच माहीत नाहीं तेथें सर्व शक्यता सारख्याच मानाव्या. परंतु अज्ञानाची अशी समान वांटणी करून तिच्यांतून ज्ञान काढणें पुष्कळांस पटलें नाहीं. १९२५ सालीं आर. ए. फिशर यानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत ही सारी विचारसरणीच टाकाऊ ठरविली. उलट केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीझ यानें १९३९ सालीं तिचा हिरिरीनें पुरस्कार केला. ह्या जेफ्रीझच्याच हाताखालीं कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनीं संशोधन करून १९४९ मध्यें डॉक्टरची पदवी मिळविली व पुढें पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

मौज अशी कीं, ज्या फिशरनें पुढचें दार बंद केलें, त्याच्याच घराच्या मागील दारानें ही विद्या पुन्हां आंत आली. अलेक्झांडर कॉर्बेट नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें मलायांत दोन वर्षें फुलपांखरें पकडलीं होतीं. ज्यांचें एकेकच फुलपांखरूं मिळालें अशा जाती ११८ होत्या. ज्यांचीं दोन-दोन मिळालीं अशा ७४. तीन-तीन मिळालीं अशा ४४. चार-चार मिळालीं अशा २४. आणि याप्रमाणें पुढें. प्रश्न असा होता कीं, आणखी दोन वर्षें तेथें राहिल्यास किती नव्या जाती हातीं लागतील? जें अद्यापि दिसलेंच नाहीं त्याची गणना करण्याचा हा प्रकार प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु फिशरनें १९४३ सालीं त्यास उत्तर दिलें. त्याची युक्ति अशी: प्रत्येक जात किती विपुल आहे हें आपणांस ठाऊक नाहीं, पण साऱ्या जातींच्या विपुलतेचें मिळून एक वितरण असलें पाहिजे, आणि त्या वितरणाचा आकार हातांतील आंकड्यांवरूनच ओळखतां येतो. गुड व टूलमिन यांनीं १९५६ सालीं हें गणित इतकें सुटसुटीत केलें कीं तें शाळेंतील मुलासहि करतां यावें. ११८ मधून ७४ वजा करावे, ४४ मिळवावे, २४ वजा करावे, आणि असेंच आळीपाळीनें शेवटपर्यंत जावें. उत्तर येतें ७५. म्हणजे दोन वर्षांच्या नव्या परिश्रमानें सुमारें पंचाहत्तर नव्या जाती मिळण्याची अपेक्षा धरावी. येथें मूळची समजूत बाहेरून आणलेली नाहीं. ती फुलपांखरांनीं स्वतःच सांगितलेली आहे.

ह्याच सुमारास इंग्लंडांत ब्लेचली पार्क येथें अ‍ॅलन ट्यूरिंग व त्याचा सहायक आय. जे. गुड हे शत्रूची गुप्तलिपि फोडण्याच्या कामांत गढलेले होते. तेथेंहि प्रश्न तोच: जें चिन्ह फार क्वचित् आढळलें, किंबहुना मुळींच आढळलें नाहीं, तें पुढें आढळण्याचा संभव किती मानावा? ट्यूरिंगची कल्पना गुडनें १९५३ सालीं तिच्या जनकाच्या नांवानिशीं प्रसिद्ध केली. एकदांच आढळलेल्या गोष्टींची संख्या ही न आढळलेल्या गोष्टींची चाहूल देते, हें तिचें बीज होय.

वाङ्मयाच्या अभ्यासकांस ह्या गणितांत आपलाहि वांटा आहे असें वाटावें, म्हणून कालानुक्रम किंचित् मोडून आम्ही एक उदाहरण येथेंच देतों. एफ्रन व थिस्टेड या दोघां अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं फुलपांखरांच्या जागीं शब्द घातले व कॉर्बेटच्या जागीं शेक्सपिअर घातला. शेक्सपिअरच्या उपलब्ध कृतींत एकंदर ८,८४,६४७ शब्द आहेत. त्यांत निरनिराळे शब्द ३१,५३४. त्यांपैकीं १४,३७६ शब्द त्यानें एकदांच वापरले व ४,३४३ दोनदां. तेवढ्याच विस्ताराचें त्याचें नवें लेखन सांपडलें तर त्यांत सुमारें ११,४३० अपरिचित शब्द निघतील, असें उत्तर आलें. पुढें १९८५ सालीं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांतील एका हस्तलिखितांतील ४२९ शब्दांची कविता शेक्सपिअरची म्हणून पुढें आली. गणितानें तिच्यांत सातांच्या आसपास नवे शब्द असावे असें सांगितलें. प्रत्यक्षांत नऊ निघाले. यावरून ती कविता शेक्सपिअरचीच होय असें मात्र सिद्ध होत नाहीं, आणि पुष्कळ पंडितांनीं तें मानलेंहि नाहीं. शब्दसंख्या जुळणें निराळें आणि प्रतिभा जुळणें निराळें. तथापि, न दिसलेल्याविषयीं दिसलेल्याची साक्ष काढतां येते, एवढें त्यावरून स्पष्ट होतें.

आतां मुख्य प्रवाहाकडे वळूं. ह्या विखुरलेल्या कल्पनांस एक नांव व एक तत्त्व देण्याचें श्रेय हर्बर्ट रॉबिन्स यांस आहे. कुरांट यांच्यासह त्यांनीं लिहिलेला, गणित म्हणजे काय हें सांगणारा १९४१ सालचा ग्रंथ आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. बर्कले येथील परिषदेच्या १९५६ सालीं छापलेल्या वृत्तांतांत त्यांचा जो निबंध आहे, त्याच्या मथळ्यांतच ही नवी संज्ञा आहे. त्यांचें म्हणणें उदाहरणानेंच चांगलें समजेल. यूरोपांतील एका मोटार-विमा कंपनीच्या ९,४६१ विमेदारांपैकीं एका वर्षांत ७,८४० जणांनीं एकहि दावा केला नाहीं. १,३१७ जणांनीं एक, २३९ जणांनीं दोन, ४२ जणांनीं तीन, आणि १४ जणांनीं चार दावे केले. पुढील वर्षीं प्रत्येकाकडून किती दाव्यांची अपेक्षा धरावी? यंदा एकहि अपघात न झालेला मनुष्य पुढेंहि निर्धोक राहील असें मानणें भाबडेपणाचें होईल. आणि ज्यास दोन झाले त्यास पुन्हां दोनच होतील असें मानणें अन्यायाचें होईल, कारण त्यांत दैवाचाहि कांहीं भाग आहे. रॉबिन्सचा नियम असा: ज्यानें एकहि दावा केला नाहीं त्याच्यासाठीं १,३१७ ला ७,८४० नीं भागावें, उत्तर ०.१६८. ज्यानें एक दावा केला त्याच्यासाठीं २३९ ची दुप्पट करून १,३१७ नीं भागावें, उत्तर ०.३६३. दोन दावे करणाऱ्यासाठीं ४२ ची तिप्पट करून २३९ नीं भागावें, उत्तर ०.५२७. प्रत्येक मनुष्याचा अंगभूत धोका आपणांस अज्ञातच राहतो. त्या धोक्यांचें वितरणहि अज्ञात राहतें. आणि तरीसुद्धां शेजाऱ्यांच्या आंकड्यांवरून प्रत्येकाविषयीं अनुमान निघतें. गुड व ट्यूरिंग यांच्या सूत्राचा सांगाडा हाच होता, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत येईलच. नेमन यांच्यासारख्या श्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञानें १९६२ सालीं ह्या कल्पनेची गणना आपल्या शास्त्रांतील दोन मोठ्या क्रांतिकारक शोधांत केली.

परंतु त्याच कोष्टकाच्या शेवटाकडे पाहिलें असतां एक दोष दृष्टीस पडतो. पांच दावे करणारे चौघे, सहा करणारेहि चौघे, आणि सात करणारा एकच. तेव्हां रॉबिन्सच्या नियमानें पांच दावे करणाऱ्याकडून पुढील वर्षीं सहा दाव्यांची अपेक्षा धरावी लागते, आणि सहा करणाऱ्याकडून १.७५ ची! अधिक अपघात करणारा मनुष्य अधिक सुरक्षित, असें कोणाहि शहाण्यास पटणार नाहीं. जेथें शेजारी थोडे, तेथें त्यांची साक्षहि डळमळीत. यावर उपाय एकच: अज्ञात वितरणाच्या आकारावर कांहीं तरी बंधन घालावयाचें. तें गॅमा नांवाच्या परिचित वक्राचें आहे असें मानलें, तर उत्तरें ०.१६४, ०.३९८, ०.६३३ अशीं पायरीपायरीनें वाढत जातात व पांच दाव्यांसाठीं १.३४ येतें. उत्तर सुरेख झालें. पण तें कोणाच्या बळावर झालें? आपण घातलेल्या बंधनाच्या. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें हीच कळीची ठरणार आहे.

रॉबिन्सचा निबंध छापला गेला त्याच सालीं चार्ल्स स्टाइन यानें गणितज्ञांस चकित करणारा एक सिद्धान्त मांडला, आणि १९६१ सालीं जेम्स याच्या साहाय्यानें त्यास पूर्ण रूप दिलें. तीन किंवा अधिक राशींचें एकदम अनुमान करावयाचें असेल, तर प्रत्येकीसाठीं तिचीच सरासरी घेणें हें सर्वोत्तम नव्हे. साऱ्यांस एका समान मध्याकडे थोडें थोडें ओढलें असतां एकंदर चूक नेहमींच कमी होते. एफ्रन व मॉरिस यांनीं १९७० च्या दशकांत दाखवून दिलें कीं स्टाइनचें हें नवल म्हणजे अनुभवाधिष्ठित बेझ-पद्धतीचेंच एक रूप होय. त्यांचें बेसबॉलचें उदाहरण आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांस सहज समजेल. १९७० च्या हंगामांत अठरा फलंदाजांच्या पहिल्या पंचेचाळीस संधींचे आंकडे त्यांनीं घेतले. रोबेर्तो क्लेमेंते यानें पंचेचाळिसांत अठरा यशस्वी टोले मारले होते. म्हणजे सरासरी ०.४००. अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५. स्टाइनच्या नियमानें प्रत्येकाचें मध्यापासूनचें अंतर ०.२१२ पट करावयाचें. त्यामुळें क्लेमेंतेच्या वांट्यास ०.२९४ आले. उरलेल्या हंगामांत साऱ्यांची खरी सरासरी पाहून दोन्ही पद्धतींच्या चुका मोजल्या, तेव्हां चुकांच्या वर्गांची बेरीज साध्या रीतीनें ०.०७७ व नव्या रीतीनें ०.०२२ भरली. साडेतीन पटींचा हा फरक कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

इतकी गुणकारी पद्धति असून ती दीर्घकाळ विद्वानांच्या कपाटांतच पडून राहिली. याचीं कारणें दोन. एक तर तिला एकाच जातीच्या अनेक लहान प्रश्नांचा समूह लागतो, आणि पूर्वीं असे समूह क्वचित् मिळत. दुसरें, अज्ञात वितरण काढण्याचें गणित हातानें होण्यासारखें नव्हतें. कीफर व वोल्फोविट्झ यांनीं १९५६ सालींच सिद्ध केलें होतें कीं, आकाराविषयीं कांहींहि न मानतां हें वितरण काढतां येतें; परंतु सिद्ध करणें निराळें व काढून दाखविणें निराळें. नॅन लेअर्ड यांनीं १९७८ सालीं वाट दाखविली, पण ती संथ होती. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस जीवशास्त्रांत एकाच वेळीं हजारों जनुकांची क्रिया मोजणारीं साधनें आलीं. एका प्रसिद्ध पाहणींत ५२ प्रोस्टेट-कर्करोगी व ५० निरोगी पुरुषांच्या ६,०३३ जनुकांचें मापन होतें. सहा हजार जनुकांत जें सर्वांत मोठा फरक दाखवितें, तें कांहीं अंशीं दैवयोगानेंहि पुढें आलेलें असतें. त्यास मागें ओढल्यावांचून त्याचें खरें मोल कळत नाहीं. रॉबिन्सच्या पद्धतीस जो समूह हवा होता, तो असा आपोआप चालून आला.

आणि त्याच वेळीं साधनहि तयार झालें. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांतील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं बेल प्रयोगशाळेंतील ‘एस’ ह्या भाषेच्या धर्तीवर ‘आर’ नांवाची संगणक-भाषा रचली व १९९५ पासून ती सर्वांस विनामूल्य खुली केली. तिचें वैशिष्ट्य असें कीं, कोणीहि विद्वान् आपली पद्धति आज्ञावलीच्या रूपानें लिहून तिला जोडूं शकतो. अशा जोडग्रंथांस ‘पॅकेज’ किंवा ‘लायब्ररी’ म्हणतात, आणि हा शब्द यथार्थ आहे. कारण पूर्वीं जें ज्ञान ग्रंथालयांत वाचावें लागे, तें आतां तेथून थेट उचलून वापरतां येतें. मेलबर्नच्या गॉर्डन स्मिथ यांनीं २००४ सालीं ज्या पद्धतीचें विवरण केलें, ती ‘लिमा’ नामक लायब्ररींत आहे, आणि तिच्या एका आज्ञेचें नांवच ‘ईबेझ’ आहे. प्रयोगांत प्रत्येक जनुकाचीं मापें तीन-चारच असल्यानें त्याची चंचलता नीट कळत नाहीं. म्हणून हजारों जनुकांच्या चंचलतेवरून एक समान मान काढून प्रत्येकास त्याकडे ओढावें, हें तिचें काम. कोएंकर व गू यांच्या ‘आरईबेझ’नें कीफर-वोल्फोविट्झ यांचें जुनें स्वप्न आधुनिक गणनरीतीनें झपाट्यानें साध्य करून दिलें. नरसिंहन व एफ्रन यांची ‘डिकॉन्व्हॉल्व्हआर’ आणि मॅथ्यू स्टीव्हन्स यांची ‘अ‍ॅश-आर’ ह्याहि त्याच कुळांतल्या.

ह्या लायब्रऱ्यांचे उपकार आम्ही मानतोंच. जें गणित आम्हांस विद्यार्थिदशेंत केवळ फळ्यावर पाहावयास मिळे, तें आज एखाद्या लहान गांवचा विद्यार्थीहि एक पैसा न देतां करूं शकतो. पण येथेंच त्या विमा-कोष्टकाच्या शेपटाची आठवण करावी. ‘आरईबेझ’ अज्ञात वितरणावर आकाराचें बंधन घालीत नाहीं, आणि तिचें उत्तर कांहीं मोजक्या बिंदूंवर एकवटलेलें येतें. ‘डिकॉन्व्हॉल्व्हआर’ तें वितरण गुळगुळीत आहे असें धरून चालते. ‘अ‍ॅश-आर’ त्यास शून्याच्या ठायीं एकच शिखर आहे असें मानते. तिघींपैकीं कोणतीहि खोटी नाहीं. परंतु तिघींस तोच आंकड्यांचा ढीग दिला, तरी त्या निरनिराळीं उत्तरें देऊं शकतात. म्हणजे बेझच्या काळचा तो जुना प्रश्न—मूळची समजूत आणावयाची कोठून?—सुटलेला नाहीं, तो लायब्ररीच्या निवडींत जाऊन बसला आहे. पूर्वीं समजूत उघडपणें मांडावी लागे, आणि प्रतिपक्षी तिच्यावर हल्ला करी. आतां ती न मांडतांहि वापरतां येते.

त्याहून गहन प्रश्न समूहाचा. एफ्रन व मॉरिस यांनींच १९७७ सालीं विचारलें होतें कीं, फलंदाजांच्या यादींत शिकागो शहरांतील परदेशी मोटारींचें प्रमाण घातलें तर काय होईल? सूत्र तेंहि निमूटपणें गिळील व मोटारींस फलंदाजांकडे आणि फलंदाजांस मोटारींकडे ओढील. कोण कोणाचा शेजारी हें सूत्रास कळत नाहीं. आणि क्लेमेंतेचेंच पाहा: त्याची उरलेल्या हंगामांतील सरासरी ०.३४६ होती. त्याच्या ०.४०० नें त्यास जितकें चढविलें, जवळजवळ तितकेंच समूहाच्या ०.२९४ नें त्यास उतरविलें. एकंदर चूक कमी झाली हें खरें. पण त्या काटकसरीचा लाभ मध्यमांच्या पदरीं पडला, असामान्याच्या नव्हे.

खेळांत हें चालेल. जेथें मनुष्याच्या भाकरीचा प्रश्न आहे तेथें काय? अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें मध्यवर्ती सरकार लहानमोठ्या गांवांस पैसा वांटूं लागलें, आणि वांटणीच्या हिशेबांत गांवचें दरडोई उत्पन्न येई. लहान गांवांतील नमुना इतका तुटपुंजा असे कीं, पांचशेंहून कमी वस्तीच्या गांवास प्रथम सरसकट त्याच्या काउंटीचाच आंकडा लावीत. फे व हेरियट यांनीं १९७९ सालीं विवरण केलेल्या रीतीनें गांवचा स्वतःचा आंकडा व त्याच्यासारख्या गांवांवरून केलेलें अनुमान यांचा मेळ घातला. पण आम्हांस त्यांची अधिक वाखाणण्याजोगी गोष्ट वाटते ती निराळीच. त्यांनीं मर्यादा घातली कीं, कोणत्याहि गांवचा अंतिम आंकडा त्याच्या स्वतःच्या मापापासून एका प्रमाण-त्रुटीहून अधिक दूर ओढला जाऊं नये. एफ्रन व मॉरिस यांनीं अशीच मर्यादा पूर्वीं सुचविली होती. तिच्यामुळें एकंदर चूक किंचित् वाढते. परंतु ज्या गांवची परिस्थिति खरोखरच निराळी आहे त्याचा आवाज समूहाच्या गलबल्यांत बुडून जात नाहीं. हें गणिताला सुचलेलें नव्हे, गणित करणाऱ्या मनुष्यांना सुचलेलें आहे.

आमचा व्यवसाय शिकविण्याचा. म्हणून ह्या गोष्टीचा विचार आम्हांस वरचेवर करावा लागतो. एका पेपरांत अडखळलेल्या मुलाचें मोल केवळ त्या पेपरावरून ठरविणें क्रूरपणाचें होय, हें आम्ही जाणतों. परंतु त्याच्या शाळेवरून, गांवावरून वा जातीवरून तें ठरविणें हें त्याहून क्रूरपणाचें. आणि आपल्या समाजानें तर हा दुसरा अपराध शतकानुशतकें, कोणत्याहि गणितावांचून, केलेला आहे. मनुष्यास त्याच्या समूहावरून ओळखणें ही आमच्याकडील जुनीच खोड आहे. तिला नव्या शास्त्राचा आधार मिळाला असें वाटणें फार सोपें, म्हणून फार घातक. वस्तुतः शास्त्र तसें सांगत नाहीं. तें इतकेंच सांगतें कीं, व्यक्तीविषयींचा पुरावा दुबळा असेल तेव्हांच शेजाऱ्यांची साक्ष काढावी, आणि तो पुरावा जसजसा बळकट होईल तसतसा समूहानें आपला हात काढून घ्यावा. पंचेचाळीस संधींनंतर जें ओढणें योग्य होतें, तें साडेचारशें संधींनंतर फारसें उरत नाहीं. ह्या सूत्राइतका सभ्यपणा आपण आपल्या व्यवहारांत क्वचितच दाखवितों.

म्हणून लायब्ररीची आज्ञा देण्यापूर्वीं प्रत्येकानें आपणांस तीन प्रश्न विचारावे, असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असतों. ह्या आंकड्याचे शेजारी कोण, आणि ते शेजारी आहेत असें कोणीं ठरविलें? वितरणाच्या आकाराविषयीं ह्या लायब्ररीनें न बोलतां काय धरलें आहे? आणि जो असामान्य आहे, त्याच्यासाठीं आपण किती जागा मोकळी ठेवली आहे? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें संगणकास देतां येत नाहींत; तीं आज्ञा देणाऱ्यानेंच द्यावयाचीं असतात. भाताकडे पाहून शिताची परीक्षा जरूर करावी. पण बोटाशीं आलेलें शीत चेपून पाहण्याचा कंटाळा मात्र करूं नये.